जोडीदार आणि तिच्या आधीच्या लग्नातलं मूल : कॅनडाचा स्पॉन्सरशिप अर्ज, पहिल्यापासून

कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) किंवा नागरिक असलेल्या माणसाने भारतात लग्न केलं आणि जोडीदाराला आधीच्या लग्नातलं मूल असलं, तर दोघांना एकाच अर्जात कॅनडात आणता येतं. दुसरं लग्न आता आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही, तरी या अर्जाची नीट माहिती मराठीत फारशी मिळत नाही. मी स्वतः बायको आणि तिच्या मुलीसाठी हा अर्ज केला आहे. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना कागद जमवायला मदत केली. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. अर्ज नवरा-बायकोचा दिसत असला तरी तो अडतो मुलाच्या कागदांवर. लग्नाचे फोटो आठवडाभरात जमतात, पण मुलाच्या दुसऱ्या पालकाची सही मिळायला महिनेच्या महिने जातात. म्हणून कामाला सुरुवात तिथून करा.

खाली मी पत्नी आणि तिचं मूल असं धरून लिहिलं आहे. पती आणि त्याचं मूल असेल तरी नियम तेच.

मूल अर्जात कुठे बसतं

तुम्ही स्पॉन्सर. तुमची पत्नी मुख्य अर्जदार. मूल तिच्यावर अवलंबून असलेलं अपत्य म्हणून तिच्याच अर्जात येतं. मुलासाठी वेगळा अर्ज लागत नाही आणि, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मुलाला दत्तक घ्यायचीही गरज नसते. मूल तिचं आहे एवढं पुरेसं आहे. घाईघाईने दत्तकविधान करायला सांगणारे सल्लागार भेटतात, त्यांचं ऐकू नका. सावत्र पालकाने दत्तक घेण्याची प्रक्रिया भारतात स्वतंत्र आणि वेळखाऊ आहे, आणि या अर्जाला तिचा काही उपयोग नाही.

मुलाचं वय 22 पेक्षा कमी हवं आणि ते अविवाहित हवं. वय मोजतात ते आयआरसीसीला, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला, पूर्ण अर्ज मिळाला त्या दिवशीचं. पुढे निकालाला वेळ लागून मूल बावीस ओलांडून गेलं तरी चालतं. पण ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्या. एखादी सही किंवा फॉर्म राहिला म्हणून अर्ज परत आला तर ती तारीख धरत नाहीत. मूल एकवीस वर्षांचं असेल तर हातातली बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे करा. शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे बावीस वर्षांच्या आधीपासून आई-वडिलांवरच अवलंबून असलेल्या मुलाला ही वयाची अट नाही.

तुम्ही स्पॉन्सर होऊ शकता का

पीआर असाल तर अर्ज चालू असताना तुम्ही कॅनडात राहत असायला हवं. नागरिकाला बाहेरून अर्ज करता येतो, पण कुटुंब आल्यावर आपण परत कॅनडात राहणार आहोत हे दाखवावं लागतं. अपंगत्वाव्यतिरिक्त कारणासाठी सरकारी मदतीवर असाल, दिवाळखोरीतून अजून मोकळे झाला नसाल किंवा आधीच्या पत्नीची, मुलांची कोर्टाने ठरवलेली पोटगी थकली असेल, तर अर्ज टिकत नाही.

दुसऱ्या लग्नात दोन नियम हमखास आडवे येतात. तुम्ही स्वतः आधीच्या जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर कॅनडात आला असाल, तर पीआर मिळाल्यापासून 5 वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. आणि तुम्ही आधीच्या जोडीदाराला स्पॉन्सर केलं असेल, तर ती व्यक्ती पीआर झाल्यापासून 3 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. लग्नाची तारीख धरण्याआधी हे तपासा. नाहीतर लग्नानंतर दोन-तीन वर्षं बायको-मूल तिकडे आणि तुम्ही इकडे, असं होऊन बसतं.

पगाराची भीती मात्र बाळगू नका. पत्नी आणि मुलासाठी किमान उत्पन्नाची अट साधारणपणे नसते. ती येते अवलंबून असलेल्या मुलालाच स्वतःचं मूल असेल तर.

अर्जाबरोबर तुम्ही एक हमीपत्र देता. पत्नीसाठी ते 3 वर्षांचं असतं. 22 वर्षांखालच्या मुलासाठी 10 वर्षं किंवा मूल 25 वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. या काळात त्यांनी सरकारी आर्थिक मदत घेतली तर ती फेडायची जबाबदारी तुमची. उद्या घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही. सही करण्याआधी दोघांनी बसून हे बोलून घ्या. पत्नीलाही हे माहीत असायला हवं, कारण पीआर मिळाल्यावर तिचं कॅनडात राहणं तुमच्या मर्जीवर अवलंबून नसतं. लग्न टिकवलं नाही तर पीआर जाईल, अशी जी अट पूर्वी होती ती 2017 मध्येच काढून टाकली आहे.

क्युबेकमध्ये राहत असाल तर प्रांताची वेगळी प्रक्रिया आणि वेगळं हमीपत्र असतं. इथे लिहिलं आहे ते बाकीच्या प्रांतांपुरतं.

घटस्फोटाचा कागद

कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. साधी झेरॉक्स नको, वकिलाचं पत्र नको. गावाकडे अजून स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात आणि दोन्ही घरं ती मान्यही करतात. रूढीने होणाऱ्या काडीमोडीला हिंदू विवाह कायद्यात जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. व्हिसा अधिकाऱ्यासमोर ते सिद्ध करत बसण्यापेक्षा नव्या लग्नाच्या आधी कोर्टातून रीतसर घटस्फोट घेतलेला बरा. आधीचं लग्न कायद्याने संपलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न कॅनडा मानत नाही. निकाल हातात आल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत लग्न करू नका.

आधीचा जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो.

नवं लग्न करताना दोघं प्रत्यक्ष हजर असायला हवेत. एकजण टोरांटोत फोनवर आणि दुसरा नाशिकला मांडवात, असं लग्न स्पॉन्सरशिपला चालत नाही. लग्नाची नोंदणी लगेच करून प्रमाणपत्र घ्या. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करणार असाल तर 30 दिवसांच्या नोटिशीचा हिशोब धरूनच सुट्टी काढा.

दुसऱ्या पालकाची संमती

मूल 18 वर्षांखालचं असेल आणि त्याचे जन्मदाते वडील हयात असतील, तर त्यांची लेखी संमती लागते. त्यासाठी आयएमएम 5604 हा ठरलेला फॉर्म आहे. वडिलांनी तो नोटरीसमोर सही करून द्यायचा आणि सोबत त्यांच्या सही असलेल्या ओळखपत्राची प्रत जोडायची. सही दोन्हीकडे सारखी आहे ना, हे तिथल्या तिथे बघून घ्या. पॅन कार्डावर इंग्रजीत सही आणि फॉर्मवर मराठीत, असं झालं की पत्र येतं आणि त्या माणसाकडे पुन्हा जावं लागतं. असे संबंध असताना दुसऱ्यांदा जाणं किती अवघड असतं ते सांगायला नको.

मुलाचा ताबा आईकडे आहे, मग वडिलांची सही कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. भारतातल्या बहुतेक संमतीच्या घटस्फोटांत अटी अशा असतात : ताबा आईकडे, वडिलांना महिन्यातून अमुक दिवस भेटीचा हक्क. भेटीचा हक्क आहे म्हणजे त्या माणसाचं मुलावरचं नातं कायद्याने शाबूत आहे, आणि मूल कायमचं परदेशात नेलं तर तो हक्क बुडतो. अधिकारी हेच बघतात. ‘ताबा’ या एका शब्दावर अर्ज पुढे सरकत नाही.

अजून घटस्फोटाचा अर्ज दाखल व्हायचा असेल आणि परदेशी जाण्याची शक्यता दिसत असेल, तर अटींमध्ये सरळ एक कलम घालून घ्या : आईने मुलासह कायमच्या वास्तव्यासाठी परदेशात जाण्यास, आणि त्यासाठी मुलाचा पासपोर्ट व व्हिसा काढण्यास, वडिलांची हरकत नाही. वकील ते व्यवस्थित भाषेत बसवतील. हे एक कलम पुढची कितीतरी धावपळ वाचवतं. ते असलं तरी आयएमएम 5604 मिळत असेल तर तोही घ्याच.

घटस्फोट होऊन गेला असेल आणि कलम नसेल, तर आधी बोलणी करून बघा. यात माझं मत स्पष्ट आहे. त्या माणसाला धाक दाखवून किंवा पैसे देऊन सही घेऊ नका. सहीच्या बदल्यात मुलाशी संपर्क कसा राहील हे लिहून द्या : रविवारी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, शाळेच्या मोठ्या सुट्टीत भारतात येणं, आजी-आजोबांकडे राहणं. आणि ते पाळा. मुलाच्या दृष्टीनेही हेच बरं असतं. बहुतेक वडिलांना कॅनडाचं वाईट वाटत नसतं. मूल कायमचं तुटेल ही भीती असते. मध्यस्थ म्हणून मुलाचा मामा किंवा आत्या यांच्यापैकी जो दोन्ही घरांत शांतपणे बोलू शकतो, त्याला पाठवा. नव्या नवऱ्याने स्वतः फोन करण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

सही मिळतच नसेल, किंवा माणसाचा पत्ताच नसेल, तर ज्या कोर्टात घटस्फोट झाला तिथे मुलाला परदेशात कायम नेण्याची परवानगी मागावी लागते. कोर्ट बघतं ते मुलाचं हित. म्हणून अर्जात शाळा, राहण्याची जागा, तिथला खर्च कोण करणार, वडिलांना भेटी कशा देणार, हे सगळं मांडा. वडिलांचा पत्ता नसेल तर शोध घेतल्याचे पुरावे ठेवा : शेवटच्या पत्त्यावर पाठवून परत आलेलं रजिस्टर पत्र, नातेवाइकांशी झालेले मेसेज. एक लक्षात ठेवा, सावत्र वडील हे हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक धरले जात नाहीत. तेव्हा हा अर्ज तुमच्या नावाने नाही, आईच्या नावाने जातो.

परवानगीशिवाय आधी व्हिजिटर व्हिसावर मूल नेऊ, मग बघू, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. त्यातून मुलाच्या ताब्याची नवी भांडणं दोन देशांत उभी राहतात आणि त्यात मूल भरडलं जातं.

मूल येणार नसलं तरी त्याचं नाव लिहा

मूल वडिलांकडेच राहणार, कॅनडाला येणारच नाही, म्हणून फॉर्मवर त्याचं नाव टाकत नाहीत. याइतकं महाग पडणारं दुसरं काही नाही. नियम असा आहे की पत्नी पीआर होताना तिचं जे मूल जाहीर केलं नाही, किंवा ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून साधारणपणे स्पॉन्सर करता येत नाही. आज वडिलांकडे सुखात असलेलं मूल चार वर्षांनी आईकडे यायचं म्हणालं तर दार बहुधा बंद. म्हणून सोबत येणार नाही असं लिहून त्याचं नाव द्या आणि त्याचीही वैद्यकीय तपासणी करून घ्या. वडील तपासणीला पाठवायला तयार नसतील तर तुम्ही काय काय प्रयत्न केले ते पुराव्यासह आयआरसीसीला लेखी कळवा. गप्प राहू नका. सासरी आधीचं मूल सांगितलेलं नाही म्हणून फॉर्मवरही लपवायचं, असाही प्रकार मी पाहिला आहे. ते खोटी माहिती देणं धरलं जातं आणि त्याची शिक्षा 5 वर्षांची बंदी आहे.

नावांचा गुंता

आपल्याकडे बाईची तीन नावं सहज होतात : माहेरचं दहावीच्या सर्टिफिकेटवर, पहिल्या सासरचं मुलाच्या जन्मदाखल्यावर, आणि नवं पासपोर्टवर. अधिकाऱ्यासमोर तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. फॉर्ममध्ये वापरलेली इतर नावं विचारतात तिथे तिन्ही लिहा, अगदी आधार कार्डावर स्पेलिंग वेगळं असलं तरी तेही. सोबत ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव राजपत्रात बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचं ते पान जोडा.

मुलाचं नाव मात्र या काळात बदलू नका. त्याच्या नावात मधे जन्मदात्या वडिलांचं नाव आहे आणि तेच कागद त्याचं नातं सिद्ध करतात. नवं आडनाव लावायची हौस समजू शकतो, पण मधेच बदललं की जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट यांचा मेळ बसत नाही. जन्मदाखला आजच काढून बघा. नोंद रुग्णालयातून झाली असेल तर कित्येकदा त्यावर मुलाचं नावच नसतं, नुसतं आई-वडिलांचं असतं. ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून घ्यावं लागतं.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. भाषांतर घरच्या कोणी केलेलं चालत नाही, तो माणूस पेशाने भाषांतरकार असला तरी. तालुका कोर्टाचा निकाल मराठीत असेल तर पानं बरीच असतात, त्याला वेळ धरा.

लग्न खरं आहे हे दाखवायचं कसं

भारतातून आलेल्या अर्जांत अधिकाऱ्यांच्या नजरेला मोठं लग्न सवयीचं असतं : शेकडो पाहुणे, हळद, वरात. दुसरं लग्न बहुधा रजिस्टर होतं किंवा घरात दहा माणसांत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कारण लिहा. आयएमएम 5532 मध्ये ओळख कशी झाली, लग्न कसं ठरलं, हे विचारतात. तिथे दोन ओळीत आटपू नका. स्थळ कोणी आणलं, पहिल्या भेटीत मूल बरोबर होतं का, मुलाला कधी सांगितलं, लग्न साधं का केलं, हे साध्या भाषेत लिहा.

आणि तुमचं मुलाशी काय नातं आहे तेही दाखवा. याचा पुरावा बहुतेक जण देतच नाहीत. शाळेच्या फीची पावती तुमच्या खात्यातून गेलेली, शाळेच्या कार्यक्रमातला तिघांचा फोटो, मुलाबरोबरचे व्हिडिओ कॉलचे लॉग, वाढदिवसाला पाठवलेल्या वस्तूचं बिल. शंभर फोटोंपेक्षा वेगवेगळ्या महिन्यांतले, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे वीस फोटो, खाली तारीख आणि कोण कोण आहे ते लिहून, जास्त उपयोगी पडतात. चॅट सगळे छापू नका. सुरुवातीचे, लग्नाच्या वेळचे आणि हल्लीचे घ्या.

अर्ज भरताना

अर्ज ऑनलाइन, पीआर पोर्टलवर जातो. स्पॉन्सरचा मुख्य फॉर्म आयएमएम 1344. पत्नीचे आयएमएम 0008, 5669 आणि 5406. मूल 18 किंवा त्याहून मोठं असेल तर शेवटचे दोन त्यालाही वेगळे भरावे लागतात. कागदांची यादी आयएमएम 5533 मध्ये आहे. ती छापून भिंतीला लावा आणि एकेक ओळ खोडत जा. आयएमएम 5669 मध्ये दहा वर्षांचा इतिहास मागतात, एक महिनाही मोकळा सोडायचा नाही. घटस्फोटाच्या काळात ती माहेरी होती आणि नोकरी नव्हती, तर तसंच लिहा.

शुल्क आयआरसीसीच्या पानावर त्याच दिवशी बघून भरा, ते दर दोन वर्षांनी एप्रिलअखेरीस बदलतं. मुलासाठी पीआर हक्काचं शुल्क लागत नाही.

पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातला वकील किंवा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारच हवा. सल्लागारांच्या कॉलेजची, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेची, यादी सर्वांना खुली आहे, तिथे नाव शोधा. पुण्यातल्या एखाद्या एजंटचं ऑफिस कितीही चकचकीत असलं तरी यादीत नाव नसेल तर कागद त्याच्या हातात देऊ नका.

पाठवल्यानंतर

पोच येते, मग बायोमेट्रिक्सचं, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचं, पत्र. 14 वर्षांखालच्या मुलाला ते लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे व्हिसा अर्ज केंद्र आहे. वैद्यकीय तपासणी पत्र आल्यावर, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. मुलाला एखादा मोठा आजार किंवा अपंगत्व असेल तर घाबरू नका. उपचाराचा खर्च जास्त येईल या कारणावरून जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला नाकारता येत नाही.

पोलिस दाखला 18 वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो, आणि गेल्या 10 वर्षांत सलग 6 महिने किंवा जास्त जिथे राहिले त्या प्रत्येक देशाचा. भारताचा पासपोर्ट सेवेतून निघतो. ती पहिल्या लग्नात दुबई किंवा मस्कतला राहिली असेल तर तिथला दाखला आधीच मागवायला घ्या.

शंका असेल तर आयआरसीसी खुलासा मागते आणि मुदत देते. त्या पत्राला मुदतीत, मुद्देसूद, कागदांसह उत्तर द्या. भारतातून केलेला अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला 30 दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं. पत्नी कॅनडात असताना देशांतर्गत वर्गात केलेल्या अर्जाला ही सोय नाही, वर्ग निवडताना हे ध्यानात घ्या.

विमानात बसण्याआधी आणि नंतर

दागिन्यांची आणि सामानाची यादी किमतींसह दोन प्रतींत करा. मंगळसूत्र, पाटल्या, मुलाची सोनसाखळी, सगळं त्यात लिहा आणि फोटो ठेवा. मागून येणाऱ्या सामानाची वेगळी यादी त्याच दिवशी विमानतळावर द्यायची असते. आयएमएम 5604 आणि कोर्टाच्या निकालाची प्रत हातातल्या बॅगेत असू द्या. मुंबईत इमिग्रेशन काउंटरवरही विचारू शकतात.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात सिन नंबर (नोकरी आणि सरकारी कामांना लागणारा ओळख क्रमांक) आणि प्रांताचं हेल्थ कार्ड यांचे अर्ज करा. मुलांच्या भत्त्यासाठी आरसी 66 आणि त्याची पुरवणी भरा. हा अर्ज आईच्या नावाने करा, कारण मुख्य सांभाळ तिचा धरतात. शाळेच्या प्रवेशाला मुलाचं लसीकरण कार्ड मागतात. भारतातलं फाटकं पिवळं कार्ड असेल तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या लसी तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून दोघांची नावं घाला आणि मुलाला शाळेतून न्यायला कोण येऊ शकतं त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.